त्या खलाशाजवळ कोण बसलं होतं?

माझी डेलियामावशी कुणाचे उपकार अंगावर ठेवून घेत नसे. शेजारणीने वाटीभर साखर दिली तर ती वाटी रिकामी परत जात नसे, आणि परत जायला फार वेळही लागत नसे. माझी आई म्हणायची, "डेलियाला काही द्यायचं म्हणजे तिला पाहुणी बोलावणंच झालं. संध्याकाळच्या आत अंडी घेऊन दारात हजर." मावशी उंच होती, हाडापेराने मजबूत होती आणि तोंडाने फटकळ होती. हा फटकळपणा भाच्यांपैकी माझ्यावर जरा जास्तच उतरलाय असं किलगॅलनचे लोक म्हणतात. लोकांना काय, त्यांना दिवसभर पोस्टात उभं राहून काहीतरी बोलायचंच असतं.

आमच्या गावात कुणी गेलं की पहिला निरोप फादरना जायचा आणि दुसरा डेलियामावशीला. मेलेल्या माणसाला न्हाऊमाखू घालून तयार करायचं काम तिचं. आधी ते माझ्या आजीचं होतं. मावशी यायची, बाह्या वर करायची, रडणाऱ्या सगळ्यांना बाहेर काढायची. पुरुष असेल तर दाढी करायची. अंगावर तपकिरी अंगरखा चढवायची, बोटांत जपमाळ गुंफायची, घड्याळ बंद करायची, आणि मग खुर्ची ओढून शेजारी बसायची. हे बसणं सगळ्यांत महत्त्वाचं. माणूस गेल्यापासून मातीआड होईपर्यंत त्याला आम्ही घटकाभरही एकटं ठेवत नाही. घरच्यांना जेवायचं असलं तर शेजारी बसतात, शेजाऱ्यांना गाई दोहायच्या असल्या तर आणखी कुणी येतं. ज्याच्याशी आयुष्यभर बांधावरून भांडण केलं तोसुद्धा येऊन बसतो. या कामाबद्दल मात्र मावशी कुणाकडून काही घेत नसे, आणि कुणी परतफेडीचं बोललं तर तिला राग यायचा.

तिच्या स्वतःच्या नवऱ्याजवळ मात्र कुणी बसलं नव्हतं. हे मला आईने एकदाच सांगितलं, तेही मावशी मैलभर लांब आहे याची खात्री करून. एकवीस सालच्या वसंतात, डब्लिनपासून आमच्यापर्यंत अजून इंग्रजांचं राज्य होतं तेव्हा, काका गाडीत टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची वाळकी माती, भरून दलदलीवरून घरी येत होता. ओढ्याच्या वळणावर इंग्रज सोजिरांची लॉरी आडवी आली. त्यांना दुसऱ्याच कुणाला शोधायचं होतं. गोळी लागून काका रस्त्यात पडला आणि तिथेच पडून राहिला, कारण सोजिरांनी रस्ता अडवला होता. मावशी तीस पावलांवर भिंतीमागे उभी होती. पाऊस पडत होता. तीन तास त्यांनी तिला जवळ जाऊ दिलं नाही. त्या दिवसानंतर तिने काकाचं नाव तोंडातून काढलं नाही. घरी जायला तिला तोच रस्ता होता, पण त्या वळणावर ती कधी थांबली नाही की वळून बघितलं नाही.

मग एकोणचाळीस साली इंग्रज आणि जर्मनांची ती मोठी लढाई आली. आमच्याकडे तिला लढाई म्हणत नसत, आणीबाणी म्हणत. तोवर आमचं स्वतःचं राज्य झालं होतं, आणि आम्ही तटस्थ होतो. कड्यावर पांढऱ्या रंगाने रंगवलेल्या दगडांनी देशाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, विमानांना वरून दिसावं म्हणून. चहा आठवड्याला अर्धा औंस, पाव राखाडी रंगाचा, मेणबत्त्या सोन्याच्या भावाच्या. पण रोज संध्याकाळी सगळे आपापल्या घरात जेवत होते. गावातल्या एकाही घरावर बॉम्ब पडला नाही. आम्ही वाचलो याबद्दल कृतज्ञ नसलेला एक माणूस किलगॅलनमध्ये नव्हता. आभार कुणाचे मानायचे, यावरून मात्र रोज भांडण होतं, आणि ते आमच्या पोस्टात व्हायचं. पोस्ट आईचं होतं. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, खिडकीत तिकिटं विकायची आणि सगळं ऐकायची.

एका बाजूला लॅव्हेल मास्तर. सगळ्या गावाला पाढे त्यांनीच शिकवलेले.

"डेलिया, तू डोळे उघडून समुद्राकडे बघ," मास्तर म्हणायचे. "तिथे इंग्रजांची जहाजं नसती ना, तर जर्मन आज तुझ्या स्वयंपाकघरात बसून चहा पीत असते."

"कसला चहा? आठवड्याचा अर्धा औंस मी रविवारीच संपवते. त्यांना म्हटलं असतं, बसा रे, गरम पाणी देते."

"थट्टा नको. हा पाव खातेस त्याचा गहू कुणाच्या जहाजातून आला? आपल्याकडे होती का जहाजं?"

"नव्हती, कारण सातशे वर्षं त्यांनी होऊ दिली नाहीत! आणि मास्तर, ते तरी आपल्याला सुखाने राहू देणार होते का? आपली बंदरं त्यांनाही हवी होती. मला जर्मनांच्या आधी हेच परत येतात की काय याची धास्ती होती."

"म्हणजे त्यांचे काहीच उपकार नाहीत?"

"एक दरोडेखोर दुसऱ्याला आपल्या फायद्यासाठी हाकलतो, आणि मी पहिल्याचे पाय धरू?" मावशी टोपली उचलायची. "विनी, मला एक तिकीट दे. आणि मास्तरांना पेलाभर पाणी दे, घसा सुकलाय त्यांचा."

मला दोघांचंही पटायचं. आजही पटतं. आधी कोण बोललं त्यावर अवलंबून असतं.

एकेचाळीसच्या डिसेंबरात कड्यावरच्या टेहळणीच्या खोलीतल्या माणसांना सकाळी वाळूवर एक माणूस दिसला. मेलेला, लाटेने आणून टाकलेला, निळा स्वेटर, एका पायात बूट. त्याला उचलून बोटींच्या शेडमध्ये एका निखळून आडव्या ठेवलेल्या दारावर झोपवलं. पोलीस सार्जंट ड्रमगूल सायकलवरून आले. मनगटाला एक धातूची पट्टी होती, तिच्यावर आकडे होते आणि इंग्रजांच्या व्यापारी जहाजांची खूण. पोरगा विशीतला असेल.

गाव शेडबाहेर जमलं आणि डेलियामावशीची वाट बघू लागलं. एरवी ती बोलावण्याआधी यायची. तास गेला, दोन तास गेले, मावशी आली नाही. का आली नाही ते प्रत्येकाला कळत होतं. शेवटी सार्जंटच तिच्या घरी गेले, आणि भाची म्हणून माझी रवानगी त्यांच्याबरोबर झाली.

मावशी पीठ मळत होती. तिने वर बघितलं नाही.

"बाई," सार्जंट म्हणाले. ते दुसऱ्या जिल्ह्यातले, त्यामुळे तिच्याशी फारच जपून बोलायचे. "तुम्हाला सांगायचा मला अधिकार नाही. उद्या दुपारी प्रोटेस्टंट पाद्री येतील, पुरतील. तोवर त्याला कुणीतरी जरा नीट..."

"सार्जंट, त्याच्या लोकांनी माझ्या माणसाला रस्त्यात टाकला होता. मी भिंतीमागून बघत होते. तुम्ही दुसऱ्या कुणाला तरी विचारा."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी टोपी घातली. दारात जाऊन सहज म्हणाले, "मग मला निघायला हवं. माणसं जेवायला गेलीत, शेडला नुसती कडी घातलीय."

मावशीचे हात थांबले. "तिथे कोण बसलंय?"

"कुणी नाही. कुणी सांगितलंच नाही कुणी बसायचं ते."

"एकटा ठेवलात?"

"बाई, आम्हाला वाटलं तुम्ही..."

"एकटा ठेवलात त्याला?" ती ओरडली. इतक्या मोठ्याने ओरडताना मी तिला आधी कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही माणसं आहात की कोण आहात? एका पोराला कडी घालून जेवायला गेलात?"

तिने हातसुद्धा धुतले नाहीत. कोपरापर्यंत पीठ, तशीच निघाली. ओढ्याच्या वळणावरून ती इतक्या वेगाने गेली की सार्जंटना सायकल हातात धरून पळावं लागलं. तिला मी फार पूर्वीपासून जीव लावत होते, पण त्या दिवसापासून मला तिचा अभिमान वाटायला लागला, आणि अजून वाटतो.

तिने त्याच्या केसांतली वाळू काढली, अंग पुसलं, दाढी केली. दाढी म्हणजे काय, हनुवटीवर चार केस. काकाचा एक पांढरा सदरा पेटीत होता, तो घातला. मग खुर्ची मागितली आणि बसली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तिथून उठली नाही. हळूहळू बाकीचेही आले. तंबाखू निघाली, मास्तर आले, जपमाळेची प्रार्थना झाली. एका अनोळखी इंग्रज पोराजवळ सगळं गाव बसलं.

घोटाळा झाला तो दुसऱ्या दिवशी. मावशीने नेहमीच्या सवयीने पोराच्या बोटांत जपमाळ गुंफली होती, आणि जपमाळ ही आम्हा कॅथलिकांची, प्रोटेस्टंट माणसाला ती चालत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या मुलालाही माहीत होतं. एवढ्या माणसांत एकाच्याही ते ध्यानात आलं नाही. म्हातारे पाद्री स्ट्रिकलंड एकोणीस मैल घोडागाडीतून आले, शवपेटीचं झाकण बसवताना खाली वाकले, आणि जपमाळ बघून थांबले. मावशीचा चेहरा पांढरा पडला.

"राहू द्या," पाद्री म्हणाले. "वर गेल्यावर काय ते बघून घेतील."

प्रोटेस्टंट चर्चमध्ये प्रार्थनेला जायची आम्हाला बंदी होती. आम्ही सगळे भिंतीबाहेर उघड्या डोक्याने उभे राहिलो, आणि आत पाद्री, सुतार आणि दोन म्हाताऱ्या बहिणी, म्हणजे गावातले होते नव्हते तेवढे प्रोटेस्टंट, यांनी त्याला मातीत ठेवलं. पुढे सात महिन्यांनी डब्लिनहून त्याचं नाव आलं. हर्बर्ट ओल्डरॉइड, संडरलंडचा, जहाजाच्या भट्टीत कोळसा टाकणारा, वय वीस. त्या नोव्हेंबरात, दरवर्षीसारखी, प्रत्येक घराने आपापल्या मृतांची यादी प्रार्थनेसाठी फादरकडे दिली, तेव्हा मावशीच्या कागदावर तेही नाव होतं. फादर कागद बघून म्हणाले, "डेलिया, हा तर आपला नाही." मावशी म्हणाली, "न्हाऊ मी घातलंय, मग कुणाचा आहे?" फादरनी कागद ठेवून घेतला. जपमाळेची टोचणी मात्र तिच्या मनातून गेली नाही. "त्याच्या आईला विचारल्याशिवाय मी त्याला आपल्यात ओढलं," असं ती मला दोनतीनदा म्हणाली.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात एक पोस्टकार्ड आलं. पोस्टकार्ड माझी आई वाचते हे गावाला माहीत आहे, म्हणून संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं की मिसेस ओल्डरॉइड मंगळवारच्या बसने येणार आणि चारच्या बसने परत जाणार.

छोटीशी बाई होती. काळा कोट, पायात पुरुषी बूट. आम्ही तिला थडग्याजवळ नेलं. भोवतीचे दगड मावशीने दर वसंतात पांढरे केलेले होते. ती तिथे बराच वेळ उभी राहिली, रडली नाही. मग आईने तिला पोस्टामागच्या आमच्या स्वयंपाकघरात आणलं. टेबलावर हॅम होतं, सोडा घातलेला पाव होता, लोण्याचा गोळा होता. मास्तर होते, मावशी होती, मी होते.

मिसेस ओल्डरॉइड लोण्याकडे बघत राहिली.

"लोणी," ती म्हणाली. "आमच्याकडे अजूनही आठवड्याला एवढंसंच मिळतं." तिने बोटाचं पेर दाखवलं. मग तिचा आवाज बदलला. "माझं घर गेलं. शेजारचं गेलं, त्यात चार पोरं होती. माझा हर्बर्ट गेला. आणि तुम्ही इथे बसून होतात! घरं शाबूत, पोरं शाबूत. मला एवढंच सांगा, तुम्ही कुणामुळे वाचलात?"

मास्तरांकडे या प्रश्नाचं उत्तर सात वर्षं तयार होतं. पोस्टात रोज द्यायचे. त्या वेळी ते कपात बघत बसले. आम्ही सगळ्यांनी मावशीकडे बघितलं. तिने काही बोलू नये असं मला वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर बोलावं असंही वाटत होतं. ओढ्याच्या वळणाचं एक वाक्य, आणि त्या बाईचं तोंड कायमचं बंद झालं असतं.

मावशीने हात टेबलावर ठेवले.

"तुमच्या हर्बर्टमुळे," ती म्हणाली.

मिसेस ओल्डरॉइडने वर बघितलं.

"त्याच्यामुळे आणि त्याच्यासारख्या पोरांमुळे. ती त्या पाण्यात होती म्हणून आम्ही इथे जेवत होतो. त्याचे उपकार आहेत आमच्यावर. माझ्यावर आहेत. मी कुणाचं ठेवून घेत नाही, बाई, पण हे फेडायचं कसं ते मला सापडलेलं नाही."

तेव्हा ती बाई रडली. आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. रडणं थांबल्यावर तिने विचारलं, इतक्या हळू की मास्तरांना ऐकू गेलं नसेल, "तो सापडला तेव्हा... नंतर... तो एकटा होता का?"

"थोडा वेळ होता," मावशी म्हणाली. ती खोटं बोलत नसे. "तासदोन तास. त्याची मला लाज वाटते. मग मी बसले. मातीआड होईपर्यंत बसले. सगळं गाव होतं. आणि तुम्हाला एक सांगायचंय. माझ्या हातून चूक झाली. मी त्याच्या हातात आमची जपमाळ दिली. तुमच्यात चालत नाही. लक्षातच आलं नाही माझ्या."

मिसेस ओल्डरॉइडने कप खाली ठेवला.

"म्हणजे त्याच्या हातात काहीतरी होतं?"

"हो."

"देवा, तुझे आभार," ती म्हणाली आणि मावशीचा हात धरला. "सहा वर्षं मी तो पाण्यात हात हलवताना बघतेय. रिकामे हात. बाई, तुमचे किती आभार मानू?"

"मानू नका," मावशी म्हणाली आणि उठून घरी गेली, कारण तिला रडताना कुणी बघितलेलं चालत नसे.

इथे मी जे केलं ते मला शोभलं नाही. मी त्या बाईला बसपर्यंत पोचवायला गेले होते. तिचा चेहरा मोकळा झाला होता, ती कृतज्ञतेने भरून बोलत होती, की तुमची मावशी किती भली, इथले लोक किती भले, आमच्यासारखं तुम्हाला सोसावं लागलं नाही हे किती बरं झालं. ते शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात गेलं. बस समोर उभी होती. तिचा एक पाय पायरीवर होता, आणि मी बोलून गेले.

"तिचा नवरा तुमच्या सोजिरांनी मारलाय. त्या ओढ्याजवळ. तीन तास रस्त्यात पडला होता, आणि तिला त्याच्याजवळ बसू दिलं नाही."

तिने पाय खाली घेतला. कंडक्टर म्हणाला, "बाई, चढताय ना?" ती नाही म्हणाली. मी म्हटलं, "पुढची बस शुक्रवारी आहे, अहो, मी उगाच बोलले, तुम्ही जा." पण ती चालायला लागली होती, मावशी घरी गेली होती त्याच गावाबाहेरच्या रस्त्याने, त्या पुरुषी बुटांतून. बस गेली. मी सायकल घेऊन मागे धावले.

मावशी अंगणात कोंबड्यांना दाणे घालत होती. मिसेस ओल्डरॉइड फाटकाशी थांबली.

"मला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली. "आणि मी तुमच्या टेबलाशी बसून ते सगळं बोलले."

मावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी फाटकाच्या बाहेरच राहिले. "विनीचं तोंड," ती म्हणाली. "तिला मी नंतर बघते. तुम्ही आत या."

"आत नको. मला ती जागा दाखवा."

"कशाला?"

"मला तिथे बसायचंय. तुम्ही बसलात ना माझ्या पोराजवळ."

मावशीने उरलेले दाणे कोंबड्यांपुढे ओतले. मग तिने टोपली खाली ठेवली आणि रस्त्याला लागली, आणि ओढ्याच्या वळणावर येऊन उभी राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. "इथे," ती म्हणाली. रस्त्याच्या कडेला दगडी बांध होता. मिसेस ओल्डरॉइड कोट सारखा करून त्याच्यावर बसली. थोड्या वेळाने मावशीही बसली.

मी जरा अलीकडे सायकल धरून उभी होते. एक गाडी गेली, गाडीवानाने टोपी काढली, त्या दोघींनी मान हलवली. ऊन कलायला लागलं. मग मिसेस ओल्डरॉइडने विचारलं, "त्यांचं नाव काय होतं?"

मला वाटलं, आता मावशी उठून जाईल.

"डॉमिनिक," मावशी म्हणाली.

"कसे होते?"

"आळशी." तिने नाक ओढलं. "देवाशप्पथ सांगते, असा आळशी माणूस अख्ख्या मेयोत नव्हता. तो टर्फ आदल्या दिवशी आणायचा होता. मीच सकाळी त्याला ओरडून पाठवलं. मीच पाठवलं त्याला."

हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या आईलासुद्धा नाही.

"मी आहे इथे," मिसेस ओल्डरॉइड म्हणाली. "तुम्ही बोला."

आणि मावशी बोलायला लागली. डॉमिनिक लग्नात कसा उशिरा आला, त्याला नाच कसा येत नव्हता, गाताना तो डोळे कसे मिटायचा. मध्ये ती हसली, मध्ये तिला बोलता येईना, तेव्हा ती इंग्रज बाई नुसती तिचा हात धरून बसली. धारेची वेळ झाली, गाई फाटकाशी येऊन हंबरायला लागल्या, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही. मी मावशीच्या गाई दोहल्या, आणि आईला सांगायला गेले की पाहुणी शुक्रवारपर्यंत राहणार आहे.